वासाचा छडा

घरात कुजका वास यायला लागला तेव्हा साहेबांनी ठरवलं, सिंकखालचा पाइप तेवढा उघडून बघायचा. (साहेब आपले घरापुरते. ऑफिसात ते सांडपाण्याच्या तक्रारी नोंदवून घेणारे कारकून होते आणि तिथे त्यांना शिपाईसुद्धा साहेब म्हणत नसे.)

पाइप उघडला, पण परत बसेना. झालं, डोकं फिरलं! रागाच्या भरात त्यांनी फ्रिज ओढला, कपाट सरकवलं, मेलेला उंदीर शोधला. उंदीर नव्हता. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूच! "तुमचं बाथरूम गळतंय," असं ते काकूंच्या दारात तीनदा ठणकावून आले. चौथ्यांदा काकूंनी दारच उघडलं नाही. मग त्यांनी आपल्याच खात्याकडे तक्रार केली, दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नोंदवून घेतली आणि सवयीने शेरा मारला, 'दोष तक्रारदाराच्या घरातच असावा.'

"अहो, वास छकुलीजवळ जास्त येतो," बायको म्हणाली. "पंधरा दिवस तिची उजवी नाकपुडी वाहतेय आणि डावी ठणठणीत कोरडी. अशी एका बाजूने सर्दी होते का कधी?"

"माझ्या पोरीला नावं ठेवतेस?" साहेब कडाडले आणि पुन्हा पाइपाशी झुंजायला बसले.

शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. मुलीला डॉक्टरांना दाखवा, वासामुळे तिच्या शेजारी कोणी बसत नाही. पहिलीतली छकुली आठवडाभर शेवटच्या बाकावर एकटी बसत होती आणि घरी चकार शब्द बोलली नव्हती. साहेबांना फार वाईट वाटलं. (वाईट वाटलं की त्यांना रागच यायचा, दुसरं काही यायचंच नाही.) शाळेच्या नावाने शंख करत त्यांनी पोरीला उचललं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला. दाराशी 'पादत्राणे बाहेर काढा' अशी पाटी होती. साहेब तिच्यावरही चिडले, पण बूट काढले.

"एकच नाकपुडी आणि घाण वास? आत काहीतरी अडकलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अशक्य! माझ्या घरात शिस्त आहे. मला विचारल्याशिवाय पोरगी नाकाला हात लावत नाही."

"बरं. डोकं घट्ट धरा तिचं."

दिवा लागला, बारीक चिमटा आत गेला आणि बाहेर आला तो भांडी घासायच्या स्पंजाचा काळाहिरवा तुकडा. त्याचा वास असा, की नर्स दोन पावलं मागे सरली.

"कधी घातलास हा?" साहेब गरजले.

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळा, आईला का नाही सांगितलंस?"

"आईने बाबांना सांगितलं असतं. मग बाबा ओरडले असते."

पंधरा दिवस साहेबांनी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती आणि पोर त्यांनाच घाबरून मुकाट सोसत होती. त्यांना भयंकर लाज वाटली.

"नाही ओरडणार," ते जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "पण घातलास कशाला?"

"तुम्ही घरी येऊन बूट काढता ना, तेव्हा मी रोजच घालते. त्या दिवशी जास्त आत गेला."

नर्सने मुकाट्याने खिडकी उघडली. छकुलीने मोकळ्या नाकाने पहिला लांब श्वास घेतला, बापाच्या पायातल्या मोज्यांकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं,

"तो तुकडा धुऊन परत द्याल?"