शॉमबर्ग–न्यूयॉर्क जलद

"अमेरिकेचे रस्ते? अहो, नागपूर विभाग सांभाळला त्याला अमेरिका म्हणजे किस झाड की पत्ती!"

धर्मराज मेश्रामांनी अमेरिकेत मुलाकडे, शॉमबर्गला आल्यावर दुसऱ्याच सकाळी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या सुनेच्या, उर्वीच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. मुलगा यतीन लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, कशाला त्रास? मी विमानाची तिकिटं काढतो. दोन तासांत न्यूयॉर्क."

"विमानातून काय दिसतं? ढग! ते तुझ्या बाल्कनीतूनही दिसतात."

धर्मराज एसटीतून आगारप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. गाडी कुठे किती थांबते, चहाला कुठे उतरायचं, कुठल्या घाटात ड्रायव्हरशी बोलायचं नाही, यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त त्रास काय झाला असेल, तर पलंगावरून उठायला निश्चित वेळ उरली नाही याचा! आता अमेरिकेने त्यांना एक आख्खा रस्ता आयता दिला होता.

आणि न्यूयॉर्कला जायचं कारणही साधं नव्हतं. तिथे कोलंबिया विद्यापीठ होतं. बाबासाहेब जिथे शिकले, ते. धर्मराजांचे वडील अंगठा उठवायचे, पण 'कोलंबिया' हा शब्द असा खणखणीत उच्चारायचे, की जणू ते आपल्याच एखाद्या आत्याचं गाव! "जाऊन बघ रे कधी," असं ते म्हणायचे. जाऊन बघायचं एवढंच धर्मराजांच्या मनात होतं. पण ढगांतून नाही, रस्त्याने.

त्यांनी मोठा नकाशा मागवला आणि डायनिंग टेबलावर अंथरला. घरातली माणसं आठवडाभर सोफ्यावर ताटं मांडीत घेऊन जेवली. शॉमबर्गहून निघायचं, ॲन आर्बरला मुक्काम, तिथे भाची पायल शिकते, तिला घ्यायचं. पुढे न्यूयॉर्कच्या अलीकडचं आयसेलिन. तिथे दुकानांच्या पाट्यासुद्धा आपल्याशी आपल्या भाषेत बोलतात म्हणे, म्हणून दुसरा मुक्काम तिथे. मग न्यूयॉर्क.

"आणि हे लाल गोल कसले?" रमाबाईंनी विचारलं.

"चहा."

"इतका चहा? मग माणसं पोचतील कधी अन् बाथरूम शोधतील कधी?"

"त्याचे निळे गोल आहेत," धर्मराज शांतपणे म्हणाले.

इथपर्यंत सगळं यतीनच्या गाडीत बसण्याइतकं होतं. घोटाळा झाला तो रविवारी.

समाजातली मंडळी रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमायची. वंदनेनंतर चहाच्या वेळी धर्मराजांनी आपला बेत ऐकवला आणि शेवटी, सवयीने, म्हणाले, "चला की तुम्हीपण!"

आता, आपल्याकडे हे वाक्य म्हणजे पानावरची कोशिंबीर. वाढतात, म्हणून असते. समोरच्याने "बघू, पुढच्या वेळी" म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण ही माणसं अमेरिकेत वर्षानुवर्षं राहून बिघडलेली! त्यांनी ते खरं धरलं.

"शुअर, काका! कधी निघायचं?" भावना म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि कॅलेंडर हातात धरूनच बोलायची.

"काका, आम्ही चौघं," शेजारचा संजय संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला. "आणि माझे सासू-सासरे. ते पुण्याहून आलेच आहेत. पण त्यांना पुढे बसावं लागतं, मागे त्यांना मळमळतं."

"दोघांनाही?"

"सासूबाईंना मळमळतं. सासऱ्यांना ते बघून मळमळतं."

नाही म्हणणं धर्मराजांच्या रक्तात नव्हतं. एसटीत 'जागा नाही' असं कुणी म्हणतं का? सरकून घ्या म्हणतात! यतीनची गाडी भरली. मग दोन गाड्या ठरल्या. मग भाड्याची मोठी व्हॅन. तीही भरली, तेव्हा यतीन दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, "बाबा, ही रोड ट्रिप नाही राहिली यार. हे स्थलांतर आहे!"

"मग बस घे," धर्मराज म्हणाले. इतक्या हळू, की रमाबाईंना त्यांच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं. तो चेहरा थेट नवरदेवाचा होता.

यतीनने बापाच्या नकाशाप्रमाणे, गोलांसकट, बस बुक केली. शनिवारी सकाळी ती गल्लीत शिरली. पांढरीशुभ्र, लांबलचक, आणि ड्रायव्हरच्या जागी ग्लोरिया नावाची धिप्पाड बाई. धर्मराजांनी आधी बसच्या टायरना लाथ मारून बघितलं, मग ग्लोरियाशी हात मिळवला. गळ्यात शिट्टी अडकवून ते दारातल्या पहिल्या सीटवर बसले आणि बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

"व्हॉट वॉज दॅट?" ग्लोरिया दचकली.

"डबल बेल. मीन्स गो!"

ॲन आर्बरला पायल चढली, अगदी वेळेवर. पोरं मागे गाणी म्हणत होती, संजयचे सासू-सासरे पुढे बसून एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत होते, डबे उघडत होते, मिटत होते. प्रत्येक थांब्यावर धर्मराज खाली उतरून दाराशी उभे राहायचे, सगळे चढले की डोकी मोजायचे, आणि मगच थाप पडायची. दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या एका सर्व्हिस प्लाझावर, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, त्यांना नुसता उभा असलेला बसचा तांडा दिसला आणि त्यांचा पाय निघेना. एसटीचा माणूस डेपोतून हलतो का? "तुम्ही मोजून घ्या, मी आलोच," असं भावनाला सांगून ते एकेक बस न्याहाळत लांबवर गेले. परतताना धावतपळत आले. पांढरी बस दिसली. इंजिन सुरू होतं. चढले, दारातल्या सीटवर टेकले आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

बस निघाली. धर्मराजांनी समाधानाने डोळे मिटले.

काही वेळाने त्यांना जाणवलं की गाणी बंद झाली आहेत. डब्यांचा वासही नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. नजर जाईल तिथवर पांढरी डोकी! यवतमाळच्या रानात कापूस फुटावा तशी! एका सीटवर एक, सगळ्या गोऱ्या आज्या, आणि सगळ्या त्यांच्याचकडे बघून हसत होत्या.

"हाय, हनी!" पहिल्या रांगेतली म्हणाली. "तू कुणाचा नवरा?"

"रमाबाईचा," धर्मराज म्हणाले.

मग त्यांनी खिसे चाचपले. फोन रमाबाईंच्या पर्समध्ये, पासपोर्ट तिथेच, आणि आपण परक्या देशात परक्या बसमध्ये, कुठे चाललोय याचा पत्ता नाही. आयुष्यभर चुकीच्या गाडीत चढलेल्या प्रवाशांना आपण काय काय बोललो, ते सगळं त्यांना एकदम आठवलं.

तिकडे आपल्या बसमध्ये काय झालं? भावनाने डोकी मोजली आणि ती बरोबर भरली! कारण धर्मराजांनी तिला आकडा सांगितला होता तो आपला नेहमीचा. मोजणारा खाली उभा असतो, तो स्वतःला कधी धरत नाही. मागे भेंड्या खेळणाऱ्या रमाबाईंना वाटलं, हे पुढे आहेत. पुढच्यांना वाटलं, मागे झोपलेत. ग्लोरियाला तर आज थाप पडली नाही म्हणून बरंच वाटलं!

आज्यांची बस पेनसिल्व्हेनियात गोधड्यांच्या प्रदर्शनाला निघाली होती. त्यांची म्होरकी, मार्जरी, हिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन पुढे केला. रमाबाईंचा नंबर धर्मराजांना पाठ नव्हता. यतीनचाही नव्हता. पाठ होता फक्त नागपूरच्या घराशेजारच्या किराणा दुकानाचा. तिथे रात्र झाली होती. दुकानदाराने झोपेतून उठून शिव्या घातल्या, मग ओळख पटल्यावर यतीनला फोन लावला. यतीन म्हणाला, "काहीतरीच काय! बाबा तर पुढे बसलेत," आणि उठून पुढे गेला. मग बसमध्ये जी किंकाळी उठली, ती म्हणे ग्लोरियाने लष्करात असतानाही ऐकली नव्हती.

पुढच्या प्लाझावर दोन्ही बसची गाठ पडली. रमाबाई पदर खोचून उतरल्या. तोंडात शब्द तयार होते. पण समोर बघतात तर काय, धर्मराज ॲपल पाय खात बसलेत, आणि भोवती आज्यांनी गोधड्या पसरल्यात!

"हीच का रमाबाई? हा म्हणतो, तू जुन्या लुगड्यांच्या शिवतेस!" मार्जरीने त्यांचे दोन्ही हात धरले.

रमाबाईंनी एका गोधडीवर बोट फिरवलं, उलटी करून पाहिली. "धावदोरा चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण कोपरा असा नाही मोडत, बाई." पायल भाषांतर करायला धावली, पण तोवर सुई कुणीतरी आणलीही होती. तो थांबा कुठल्याच रंगाच्या गोलात बसणारा नव्हता. आणि धर्मराज, ज्यांनी एकेकाळी मंत्र्यासाठी गाडी थांबवली नव्हती, ते बाजूला बसून बायकोकडे बघत राहिले. शिट्टी काढून त्यांनी खिशात टाकली.

बसमध्ये बसताना रमाबाई एवढंच म्हणाल्या, "काहून मागे नाही बसत तुम्ही? माझ्याजवळ." ते बसले.

आयसेलिनचा मुक्काम झाला आणि तिसऱ्या दिवशी बस कोलंबियाच्या फाटकासमोर उभी राहिली. सगळे उतरले. संजयच्या सासऱ्यांनी टोपी काढली. धर्मराजांनी दगडी भिंतीवर हात ठेवला. सकाळचं ऊन पडून ती कोमट झाली होती. वडिलांचं नाव त्यांनी मनातच घेतलं. मग रमाबाईंनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांनी फुटपाथवरच हळू आवाजात वंदना म्हटली. शेजारून जाणारा एक विद्यार्थी सायकलवरून उतरला आणि संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

डोळे उघडले तेव्हा ग्लोरिया बसच्या पोटातून एकेक बॅग काढून फुटपाथवर रचत होती.

"बॅगा कशाला?" यतीनने विचारलं.

"माझं काम इथवरच, स्वीटी. बुकिंग वन वे होतं. मला आता बोस्टनला दुसरा ग्रुप घ्यायचाय. खूप मजा आली हं!" तिने धर्मराजांना मिठी मारली, बसच्या पत्र्यावर स्वतःच दोन थापा मारल्या, आणि गेली.

यतीनने बापाकडे पाहिलं. "बाबा, मी तुमच्या नकाशाप्रमाणे केलं."

नकाशात लाल गोल होते, निळे गोल होते, सपाट रस्त्यावर घाटाच्या सूचनासुद्धा होत्या. पण न्यूयॉर्कच्या पुढे, म्हणजे न्यूयॉर्कच्या मागे, काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत धर्मराजांनी इथे पोचण्याचाच विचार केला होता. इथून निघायचंही असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संजय, त्याचे सासू-सासरे, भावना, पायल, पोरं, सगळे बॅगांच्या ढिगाभोवती उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

"काका, परत कसं जायचं?"

धर्मराजांनी घसा साफ केला. एका बॅगेवर बसले. आणि आगारातल्या लाउडस्पीकरवरून बोलावं तसं, कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाले,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परतीची फेरी काही तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आली आहे."