वेल्डाचा पूल कुणी पाडला

लग्नाला अर्धा तास उरला होता, आणि रेक्स हॅलम बोलिंग क्लबच्या स्वयंपाकघरात सॉसेज रोलच्या ट्रेजवळ उभा राहून, दोनशे वर्षांपूर्वी पूल कुणी पाडला ते आठवत होता.

पूल वेल्डा नदीवरचा, आणि वेल्डा नदी रेक्सच्या डोक्यातली. गेली चौदा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी टास्मानियातल्या अल्व्हरस्टनच्या या क्लबात, मागच्या खोलीत, पंधरा-वीस माणसं टेबलाभोवती जमायची. रेक्स गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली माणसं व्हायचे आणि फासे टाकून आपापलं नशीब ठरवायचे. त्या गोष्टीत दोन टोळ्या होत्या, मीठवाले आणि राखवाले. वेल्डाचा पूल पडला तेव्हापासून त्यांचं वैर. दिवसभर दुकानात रंगाचे डबे विकणाऱ्या माणसानं एवढं मोठं वैर उभं केलं, याचा रेक्सला मनातून फार अभिमान होता. फक्त त्याचं कारण तेवढं आता आठवत नव्हतं.

आठवायची वेळही आली नसती. पण त्याची भाची टेगन मीठवाली आणि तिचा होणारा नवरा डॅरिल राखवाला. दोघांची ओळखच मुळी त्या टेबलावर एकमेकांचे गळे कापताना झालेली. रेक्सनं गेल्याच वर्षी लग्नं लावायचा परवाना काढला होता आणि हे त्याचं पहिलं लग्न. टेगननं दोन महिने आधी बजावून ठेवलं होतं, "मामा, शपथांच्या आधी तू दोन्ही टोळ्यांचा समेट लावायचा. पूल कुणी पाडला ते सगळ्यांसमोर सांगायचं, ज्यांनी पाडला त्यांना दुसऱ्यांनी माफ करायचं, की मग लग्न. बस, एवढंच."

"एवढंच ना," असं रेक्स तेव्हा म्हणाला होता. आता त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

तेवढ्यात ग्लेनिस लॅमिंग्टन केकचं ताट घेऊन आत आली. ग्लेनिस मीठवाल्यांची म्होरकी. निवृत्त नर्स, पण अजूनही समोरच्याकडे असं बघायची की त्यानं आपोआप बाही वर करावी.

"ग्लेनिस, सहज विचारतो हं. त्या पुलाचं तुला काय आठवतंय?"

"आठवायचं काय त्यात? राखवाल्यांनी जाळला. तूच तर सांगितलंस."

"मी? कधी?"

"क्लाइव्हचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा. म्हणालास, क्लाइव्ह आज नाही म्हणून तुझ्या कानावर घालतो, बाहेर बोलू नकोस. मी आजवर कुणाला बोलले नाही. माझ्या माणसांना सांगितलं, पण ते काही बाहेरचे नव्हेत."

रेक्स तसाच बाहेर पळाला. क्लाइव्ह खुर्च्या लावत होता. हा राखवाल्यांचा म्होरक्या, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला, आवाज अजून इंजिनाच्या वर चढवूनच बोलणारा.

"पूल?" क्लाइव्ह म्हणाला. "मीठवाल्यांनी दोर कापले, झोपेत गाठून. ग्लेनिस लेकीकडे गेली होती त्या गुरुवारी तूच सांगितलंस. मी पोटात ठेवलंय हो. आमच्या पोरांना तेवढं माहीत आहे."

समोर बसलेल्याला खूश करायची रेक्सला पहिल्यापासूनची खोड. दुकानातही तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, की हाच रंग मी घरी लावलाय. गिऱ्हाइकं एकमेकांना भेटत नसत म्हणून आजवर निभावलं होतं. इथे मात्र दोन्ही गिऱ्हाइकं एकाच हॉलमध्ये, नवे कपडे घालून, समोरासमोर बसणार होती.

त्यानं टेगनच्या खोलीचं दार वाजवलं. ती आरशासमोर केसांत पिना खोचत होती.

"टेगन, पूल पुरानं वाहून गेला असं म्हटलं तर?"

"पुराला माफ कसं करायचं, मामा?" तिनं पिन दातात धरूनच विचारलं. मग वळली. "तुला माहीत आहे ना कुणी पाडला ते?"

"म्हणजे काय. मला नाही तर कुणाला माहीत असणार?" रेक्स म्हणाला, आणि दार ओढून घेतलं. खोटं बोलताना त्याचा आवाज नेहमी जास्तच खणखणीत यायचा.

हॉलच्या तोंडाशी त्याला मॉरीनबाईंनी गाठलं. या डॅरिलच्या आई. काल रात्रीच उकाड्यातल्या टाऊन्सव्हिलहून आलेल्या, टास्मानियातल्या गारठ्यानं आधीच हबकलेल्या, आणि मुलगा गुरुवारी कुठे जातो ते त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. वरपक्ष डावीकडे म्हणून त्या राखवाल्यांमध्ये जाऊन बसल्या होत्या.

"रेक्स, तिथे सगळे सांगतायत की पुलावर यांची माणसं गेली. खरं का हो?"

"हो, म्हणजे तसं... गेली."

"किती?"

"चार हजार," रेक्स सवयीनं बोलून गेला.

मॉरीनबाईंनी छातीवर हात ठेवला. "चार हजार. आणि या कार्ट्यानं मला फोनवर एका अक्षरानं सांगितलं नाही."

"नाही, थांबा, ती माणसं म्हणजे खरी..." रेक्सनं सुरुवात केली, पण बाजा वाजायला लागला, टेगन दारात आली, आणि सगळा हॉल उभा राहिला. तीच संधी साधून मॉरीनबाई सरळ माइकपाशी गेल्या.

"मी बाहेरची बाई," त्या म्हणाल्या. "पण पुलावर तुमची जी चार हजार माणसं गेली, त्यांच्यासाठी मिनिटभर शांत उभं राहावं असं मला वाटतं."

आता अशा वेळी या देशात कुणी प्रश्न विचारत नाही. टेगन जिथल्या तिथे थांबली. पुरुषांनी टोप्या काढल्या. बारवरच्या माणसानं फ्रिजचं दार हळूच लावलं. चौदा वर्षांत त्या मेलेल्यांची दखल कुणी घेतलेली नव्हती, त्यामुळे दोन्हीकडे नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. रेक्सचेही डोळे भरून आले, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मिनिट सरलं. ग्लेनिसनं डोळे पुसले. "आमच्या चार हजारांना मान दिलात, फार बरं वाटलं," ती मॉरीनबाईंना म्हणाली.

"तुमच्या?" क्लाइव्ह डावीकडून म्हणाला. "गेले ते आमचे."

"पुलावर आमचे होते, क्लाइव्ह. तुम्ही जाळलात तेव्हा."

"जाळला? दोर कापले तुम्ही. कापणारे काय स्वतः पुलावर जाऊन उभे राहतात?"

"म्हणजे एकूण आठ हजार का?" मॉरीनबाईंनी घाबरून विचारलं. त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. दोन्ही बाजू उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या, आणि मधल्या गालिच्यावर टेगन एकटी अडकली. ती तशीच चालत डॅरिलपाशी आली.

"डॅरिल, तू तरी सांग क्लाइव्हला."

"काय सांगू?"

"की तुम्ही जाळला. तुला माहीतच आहे ना."

डॅरिल गोंधळला. "टेगन, मला वाटलं तुला मनातून ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"की तुम्ही कापला. मी इथे तुला माफ करायला उभा आहे."

"तू मला? अरे, मी तुला माफ करायला आले आहे."

इतका वेळ गंमत होती, ती आता उरली नव्हती. टेगननं हातातली फुलं खुर्चीवर ठेवली. "मामा, तू सांग याला."

सगळा हॉल रेक्सकडे वळला. "त्याचं असं आहे," तो म्हणाला, "तिथे एक नावाडी होता..."

"कुठल्या काठावरचा?" ग्लेनिस आणि क्लाइव्ह एकदम म्हणाले.

टेगनचा चेहरा पडला होता. आठ वर्षांची असताना सायकलवरून पडली तेव्हा ती अशीच ओठ आवळून उभी राहिली होती. ती वळली आणि दाराकडे चालायला लागली. डॅरिल जागचा हलेना. आपल्या हातून पोरीचं लग्न मोडतंय, हे रेक्सला लख्ख दिसलं.

"पूल मी पाडला," तो म्हणाला.

टेगन थांबली. "तू म्हणजे तुझं कुठलं पात्र?"

"पात्र नाही. मी. मी, रेक्स. त्या गुरुवारी दुकानात वर्षअखेरीची मालमोजणी होती. दमून आलो होतो, काही तयारी नव्हती. आणि तुम्ही सगळे निघालात ओर्वाल शहर बघायला. पूल ओलांडला की शहर. आणि शहर मी केलंच नव्हतं. वेस नाही, रस्ता नाही, रस्त्यावर एक माणूस नाही. तुम्ही घोडे असे उधळलेत की मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, पूल पडलाय."

"आणि कुणी पाडला?" क्लाइव्हनं विचारलं.

"ते तुम्ही तेव्हाही विचारलंत. मी म्हटलं, पुढे कळेल."

क्लाइव्हनं ग्लेनिसकडे बघितलं.

"अगं, आपण एका गल्लीत राहतो," क्लाइव्ह शेवटी ग्लेनिसला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला होता. "पावसात चालत जाताना दिसायचीस आणि मी गाडी थांबवायचो नाही."

"मी नर्स असून तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला आले नाही," ग्लेनिस म्हणाली. "दारावरून जायचे, पण आले नाही."

"म्हणजे कुणीच मेलं नाही?" मॉरीनबाई म्हणाल्या.

"नाही हो," रेक्स म्हणाला.

"मग मी रडले ते काय तुमच्या मालमोजणीसाठी?"

त्यानंतर जे काही रेक्सला ऐकून घ्यावं लागलं, ते दोन्ही बाजूंनी मिळून ऐकवलं. मीठवाल्यांनी सुरू केलेलं वाक्य राखवाले पुरं करत होते. टेगन परत आली. डॅरिलच्या खांद्याला खांदा लावून तीही मामाला बोलली, आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं. डॅरिलनं खुर्चीवरची फुलं उचलून तिच्या हातात दिली. शेवटी ग्लेनिसनं निकाल दिला, "तू फक्त सरकारी वाक्यं वाच. स्वतःचा एक शब्द घातलास तर बघ."

रेक्सनं वाचली. ग्लेनिस आणि क्लाइव्ह पहिल्या रांगेत शेजारी बसून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. लग्न लागलं, सह्या झाल्या, आणि जोडपं गाडीमागे बांधलेली रिकाम्या डब्यांची माळ खडखडवत निघूनही गेलं. तेव्हा कुठे रेक्सचा जीव भांड्यात पडला.

खाण्याच्या टेबलावर सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. क्लाइव्ह ग्लेनिसच्या ताटलीत शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप पाय वाढत होता. मग त्यानं चमच्यानं ग्लास वाजवला.

"येत्या गुरुवारी," तो म्हणाला, "मीठवाले आणि राखवाले मिळून पूल बांधायचा आणि ओर्वालला जायचं. फार वाट बघितली आपण."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रेक्सच्या घशात सॉसेज रोल अडकला.

"शहर तयार आहे ना आता?" ग्लेनिसनं विचारलं. "इतकी वर्षं होती तुझ्या हातात."

"म्हणजे काय," रेक्स खणखणीत आवाजात म्हणाला. ओर्वालमध्ये अजून वेससुद्धा नव्हती. त्यानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "फक्त एवढं ठरवा, की पूल बांधणार कोण?"

"आम्हीच," ग्लेनिस म्हणाली. "दगड आमच्याकडे आहे."

"बरोबर," क्लाइव्ह म्हणाला. "आणि मग जकातही तुम्हीच घेणार."

"दगड आमचा, घाम आमचा, तर जकात काय तुम्हाला द्यायची?"

"आणि पाया कुणाच्या काठावर टेकणार आहे, ते सांग ना."

"ते काही का असेना," मॉरीनबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी ताटली खाली ठेवली होती. "पुलाला नाव आमच्या चार हजारांचं द्यायचं. नाहीतर राखवाले पायाला जागा देणार नाहीत."

"अगदी बरोबर, मॉरीन," क्लाइव्ह म्हणाला आणि आपली खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली. पाठोपाठ दुसऱ्या खुर्च्याही सरकायला लागल्या, काही डावीकडे, काही उजवीकडे.

रेक्सनं ताटली घेतली, पाव्हलोव्हा केकचा मोठा तुकडा कापला आणि खिडकीशी जाऊन निवांत खात बसला.