भोयरकाकांचे दहा मार्क

नालवाडीत कोणी नवं घर बांधलं की वास्तुशांतीला लोक स्टीलचे डबे आणत. भोयरकाका मार्कांचा कागद आणत. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले हे ओव्हरसियर आमच्यापासून चार घरं सोडून एकटेच राहत. कुणाच्याही घरात शिरले की आधी खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते बघायचे, मग चहा. दक्षिणेच्या भिंतीला छज्जा असला तर पंधरा मार्क, गच्चीला पांढरा चुना असला तर दहा, सौर चूल असली तर आणखी दहा. "सूर्य फुकट येते," ते म्हणत, "पण त्याले घरात बसाले पाट तर द्या."

माझ्या घराला शंभरपैकी एकेचाळीस मिळाले. पश्चिमेच्या खिडकीपायी बारा कापले, त्याचा राग मला अजून आहे. त्यांच्या शब्दाखातर मी गच्चीवर काळा रंगवलेला पाण्याचा ड्रम चढवला, तर मे महिन्यात अख्खं घर थंड पाण्याच्या एका बादलीसाठी भांडू लागलं. काकांनी त्या ड्रमचेही पाच मार्क इमानदारीत वाढवले.

त्यांची स्वतःची सौर चूल, म्हणजे आरशाच्या झाकणाची पेटी, मात्र आमच्या गच्चीवर मांडली जायची. सायकलच्या कॅरिअरला ती बांधून काका रोज दहाला हजर. त्यांच्या गच्चीवर म्हणे कडुनिंबाची सावली पडायची. डाळ-भात होईपर्यंत ते माझ्या बायकोला, सुमनला, उन्हाचे कोन समजावत बसत. मी सकाळच्या शाळेत शिकवून परतलो की आमच्याबरोबरच जेवत. एकट्या माणसाला पेटीत डाळ-भाताचे चार डबे कशाला लागतात, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि मी गच्चीवर खोली काढायला घेतली. नकाशा काकांनाच दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि शून्य मार्क दिले. का, म्हणून विचारलं तर सूर्याला जागाच ठेवली नाही, एवढंच म्हणाले. मीही तापलो. खोलीत माझा भाऊ राहणार आहे, सूर्य नाही, असं बोलून बसलो. त्यानंतर चार दिवस काका फिरकले नाहीत.

संक्रांतीला सुमनने तिळगुळाची वाटी हातात दिली आणि मला त्यांच्याकडे पिटाळलं. भर दुपार होती. काका गच्चीवर बसले होते. शेजारी पेटी, लख्ख उन्हात. कडुनिंब घराच्या उत्तरेला होता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या झाडाची सावली गच्चीवर येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी झाडाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"इथं बी शिजते डाळ," ते हळूच म्हणाले. "पण मंग इथंच खाव लागते."

मला फार लाज वाटली. तिळगूळ दिला आणि तिथेच मांडी घालून त्यांच्याबरोबर जेवलो.

खोली झाली, पण दक्षिणेचा कोपरा उघडा ठेवून. तिची लांबी चार फुटांनी कमी झाली म्हणून भाऊ अजून टोमणे मारतो. काकांनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यात पेटी मांडली, कागद काढला आणि सौर चुलीला दहापैकी आठ दिले.

"दोन काऊन कापले, काका?"

"जिन्याचं दार अरुंद हाय. पेटी घासते," ते म्हणाले. "मले रोज आणाची हाय."

मी गवंड्याला परत बोलावलं.