शॉयफले यांच्या गाडीचा मूळ थेंब

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी आमच्या इमारतीच्या अंगणात, फरसबंदीवर, लालसर रंगाचा एक थेंब आढळून आला. थेंब वाटाण्याएवढा होता. तो फ्लायडररबाईंना आढळला, कारण त्या आठवड्यात झाडणीची पाटी त्यांच्या दाराला होती. आमच्या श्वाबियात, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या मुलखात, ज्याच्या दाराला पाटी, त्याने जिना, अंगण आणि रस्त्याची कड झाडायची. धूळ असो वा नसो, झाडायचं. पूर्वी कधीतरी एकाने न झाडताच पाटी पुढे सरकवली होती. त्याची नातवंडंही अजून त्या गोष्टीवरून ओळखली जातात.

थेंबाच्या बरोब्बर वर गोटहिल्फ शॉयफले यांची जुनी गाडी उभी होती. फिकट हिरवी, लांबलचक, स्वतःच गिअर बदलणारी. ही गाडी त्यांनी हौसेने घेतली नव्हती. त्यांची बायको रोझविता हिचा डावा पाय लहानपणापासून अधू, आणि असल्या गाडीत डाव्या पायाला काही कामच नसतं. गोटहिल्फ यांची नजर अधू झाल्यावर त्यांनी आपला परवाना परत केला, तेव्हापासून गाडी रोझविताच चालवत असे. तिची थोरली बहीण इर्मगार्ड बोडन सरोवराकाठच्या एका खेड्यात अंथरुणाला खिळली होती. "एकदा येऊन जा, म्हणजे मी मोकळी," असं ती फोनवर म्हणाली होती. आगगाडीने जायचं तर वाटेत ठिकठिकाणी गाडी बदला, आणि प्रत्येक ठिकाणी जिने. म्हणून येत्या रविवारी गाडीने जायचं ठरलं होतं.

"शॉयफलेसाहेब, हा तुमचा थेंब," फ्लायडररबाई म्हणाल्या.

"दिसतोय."

"नुसता दिसून भागत नाही. मी कचरा झाडते. हा कचरा नाही."

"मग काय आहे?"

"ते सभा ठरवेल. मी कोण ठरवणार?"

इमारतीतल्या रहिवाशांची सभा झाली. बटाट्याचं सॅलड होतं. बऱ्याच चर्चेनंतर एकमताने ठरलं की थेंब ओला असेपर्यंत तो गाडीच्या मालकाचा, आणि वाळल्यावर पाटीवाल्याचा. निर्णय न्याय्य होता. फक्त गिअरबॉक्सचं तेल वाळत नाही, हे सभेनंतर लक्षात आलं. गोटहिल्फ यांनी फडकं आणून थेंब पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा थेंब होता, पहिल्यापेक्षा अंगाने भरलेला.

गॅरेजातला रापमिस्त्री गाडीखाली जाऊन आला. नळातला वायसर झिजला की नळ ठिबकतो. तसाच या गाडीच्या गिअरबॉक्समधला एक रबरी वायसर झिजला होता. गाडी उभी राहिली की वरचं तेल हळूहळू खालच्या डब्यात उतरतं, डबा भरतो, आणि तेल झिजलेल्या जागेतून वाट काढतं. गाडी चालू असली की तेल वर फिरत राहतं, गळत नाही.

"म्हणजे चालवली तर गळणार नाही?" रोझविताने विचारलं.

"जवळजवळ नाहीच. बसून राहिली की गळते. माझ्या सासऱ्यासारखी."

"मग वायसर बदल."

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, बाई. पण तुमच्या नंबरप्लेटवर ते अक्षर आहे ना, ऐतिहासिक वाहनाचं? मग मी पान्याने शिवणार नाही. मूळचा वायसर आता कुठे बनत नाही. दुसऱ्या जातीचा घातला आणि गाडीचा इतिहास गेला, तर तुम्ही माझ्याच नावाने ओरडाल. आधी तपासनिसाला विचारा."

तपासनीस त्स्वीझले सभ्य गृहस्थ होते. त्यांनी गाडीला आधी टोपी काढून नमस्कार केला, मग बाजूला होऊन नापास केलं.

"गळणारी गाडी रस्त्यावर आणता येणार नाही," ते म्हणाले.

"मग दुरुस्त करतो," गोटहिल्फ म्हणाले.

"वेगळा वायसर घातला तर ती मूळ अवस्थेत राहणार नाही. ऐतिहासिक दर्जा जाईल."

"जाऊ दे."

"दर्जा गेला की ती नुसती जुनी गाडी. आणि तुमची गल्ली शुद्ध हवेच्या पट्ट्यात येते, तिथे नुसत्या जुन्या गाडीला बंदी. म्हणजे दुरुस्त झालेली गाडी तुम्हाला अंगणाबाहेर काढता येणार नाही."

"आणि न दुरुस्त केलेली?"

"तीही नाही. पण ती ऐतिहासिक असेल."

रोझविता काठीवर रेलून हे ऐकत होती. "माझी बहीण आजारी आहे," ती म्हणाली.

"ऐकून वाईट वाटलं," त्स्वीझले म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा टोपी काढली.

रविवार गेला. यातून मार्ग काढायला जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर क्नॉप्फले आले. ते निवृत्त दंतवैद्य. त्यांनी फरशीवर गुडघे टेकले, दाढा बघायचा छोटा आरसा गाडीखाली घातला आणि तो सगळीकडे फिरवून पाहिला. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. अखेर ते उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"ही गळती मूळची आहे," ते म्हणाले. "त्या काळातल्या या जातीच्या गाड्या सगळ्या इथूनच गळत. लोकांनी त्या दुरुस्त करून बिघडवल्या. अस्सल जागेवरून गळणारी ही बहुधा शेवटचीच."

मंडळाने तसं प्रमाणपत्र दिलं. गळती हा दोष नसून वारसा असल्यामुळे तपासनिसांनी आपला नापासाचा शेरा मागे घेतला. मंडळाचे सभासद सहकुटुंब थेंब बघायला येऊ लागले. त्यांच्यातल्या एकाची तशीच गाडी मुळीच गळत नसे. त्याच्याकडे इतर सभासद संशयाने पाहू लागले. पुढे तो येईनासा झाला.

गोटहिल्फ यांना आनंद झाला. आता निघायला हरकत नव्हती. त्यांनी बॅगाही भरल्या. तेवढ्यात पर्यावरण खात्याच्या रुकाबेर्लेबाई आल्या.

"थेंबाला आमचा विरोध नाही," त्या म्हणाल्या. "वारशाचा आम्ही आदरच करतो. फक्त तो जमिनीवर पडता कामा नये."

"मग कुठे पडावा?"

"ट्रेमध्ये. ट्रे अंगणात, ठरलेल्या जागी. गाडी हलली तर थेंब ट्रेबाहेर पडेल आणि तो गुन्हा होईल. गळती थांबेपर्यंत गाडी हलवू नका."

"पण गळती थांबवायची नाही, असं मंडळाचं प्रमाणपत्र आहे."

"बघा," रुकाबेर्लेबाई समाधानाने म्हणाल्या, "आमची अट आणि मंडळाची अट एकमेकींना किती धरून आहेत."

उभ्या गाडीतून तेल जास्त गळतं, हे रापमिस्त्री सांगून चुकला होता. गाडी उभी राहिली आणि थेंबाची धार झाली. ट्रे ठेवला गेला, ट्रेभोवती दोरी आली, दोरीला फलक आला. मग एके दिवशी गळणं अचानक थांबलं. अंगणात शोककळा पसरली. डॉक्टर क्नॉप्फले धावत आले आणि त्यांनी रापमिस्त्रीला गाडीखाली पाठवलं.

"काही झालेलं नाही," तो खालून म्हणाला. "तेल त्या जागेच्या खाली उतरलंय. गळायला उरलंच नाही."

"मग भरा."

"गळावं म्हणून भरायचं?"

"वारसा जपायचा म्हणजे दुसरं काय असतं?" डॉक्टर म्हणाले.

वारसा असा मध्येच आटणं बरं नव्हे, असं नगरपालिकेलाही वाटलं. तेल भरण्याची जबाबदारी एकट्या म्हाताऱ्यावर टाकणं अन्यायाचं झालं असतं; आमची इमारत काही माणुसकीला पारखी नाही. तेव्हा झाडणीच्या पाटीखाली दुसरी छोटी पाटी आली, आणि जो अंगण झाडेल त्यानेच गिअरबॉक्समध्ये तेल ओतून थेंब चालू ठेवायचा, असं इमारतीच्या सभेत ठरलं. फ्लायडररबाई या कामात सर्वांत दक्ष. तेल ओतून झालं की थेंब पडेपर्यंत त्या स्टूल घेऊन बसत, आणि पडला की आमच्या खिडक्यांकडे बघून मान हलवत.

त्याच सभेत गोटहिल्फ उभे राहिले. "रोझविताला बहिणीकडे जायचं आहे," ते म्हणाले. "इर्मगार्डचं आता काही खरं नाही. कुणी गाडीने सोडेल का? तुम्हा सगळ्यांकडे गाड्या आहेत."

"हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," सभेचे अध्यक्ष म्हणाले.

"मी सोडलं असतं हो," फ्लायडररबाई म्हणाल्या. "पण सीट नव्या आहेत, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आणि या आठवड्यात थेंबाची पाटी माझ्याकडे आहे. थेंब टाकून कशी जाऊ?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

जूनमधल्या एका दुपारी, सगळी इमारत मसुराची आमटी खात असताना, रोझविता काठी टेकत अंगणात आली. फ्लायडररबाईंनी सकाळीच गिअरबॉक्स काठोकाठ भरून ठेवला होता. रोझविताने दोरी सोडली, तिची नीट गुंडाळी करून फलकावर ठेवली, आणि गाडीत बसली.

"बस," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण परवानगी?"

"तू परवानगी घेऊन मागाहून ये."

गोटहिल्फ एकदा खिडक्यांकडे बघून आत बसले. तिने उजवा पाय दाबला. गिअर कुरकुर न करता पडले आणि गाडी फाटकाबाहेर गेली. खिडक्या उघडेपर्यंत अंगणात फक्त ट्रे राहिला होता.

चौकशी कसून झाली. रुकाबेर्लेबाई स्वतः सायकलवरून थेंबांचा माग काढत निघाल्या. फाटकाशी एक थेंब सापडला, पावाच्या दुकानासमोर एक, आणि गावाच्या हद्दीपुढे एकही नाही. चालती गाडी गळत नाही, हे आता अहवालात आलं आहे. पण त्यामुळे प्रश्न सुटला नाही, उलट वाढला, कारण थेंबाची परवानगी अंगणाला होती आणि अंगणात थेंब नव्हता.

त्यावर डॉक्टर क्नॉप्फले यांनीच तोडगा काढला. दवाखान्यातला जुना ड्रॉपर त्यांनी इमारतीला भेट दिला. ज्याच्याकडे पाटी असते तो रोज सकाळी ट्रेवर वाकून, गिअरबॉक्स जिथे होता त्या उंचीवरून, एक थेंब सोडतो. मंडळाने हाही थेंब अस्सल मानला आहे. रविवारी बघायला गर्दी होते. गाडी मध्ये येत नसल्याने आता थेंब जास्त चांगला दिसतो, असं सगळे म्हणतात.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात, अधिकाऱ्यांना नावं ठेवतात, आणि मग थोडं पुढे सरकून विचारतात, तेल कुठल्या जातीचं वापरता, ट्रे केवढा आहे, आत यायला तिकीट लागतं का. मी सगळ्याची उत्तरं देतो. रोझविता बहिणीपाशी वेळेवर पोचली की नाही, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही आता विचारणारच होतात, हे मला ठाऊक आहे.