सदर पट्टा आमचा नव्हे

"सरकारी नोटिशीला घाबरतो त्यानं जमीन ठेवू नये, कुंडी ठेवावी!" उत्तरेसाहेब आपल्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवत. खोली किराणा दुकानाच्या वर. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरायचाच जास्त. साहेबांचं खरं आडनाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आसपासच्या जमीनवाल्यांना पर्यावरण खात्याच्या नोटिसा येत, की झाड तोडलंत, ओढा वळवलात, पाणथळ जागा बुजवलीत. त्यांना उत्तरं लिहून देणं हा यांचा धंदा, म्हणून हे उत्तरेसाहेब.

आता एक गोष्ट सांगूनच टाकतो. साहेब नोटीस कधीही शेवटपर्यंत वाचत नसत! पहिल्याच ओळीला त्यांचं डोकं फिरायचं.

"'आपण कायद्याचा भंग केल्याचे निदर्शनास आले आहे.' कुणाच्या निदर्शनास? हे कधी आले होते बघायला? आणि आले होते तर हाक का नाही मारली?"

एवढं झालं की कागद भिरकावून ते लिहायलाच बसत. नोटीस न वाचता इतकं संतापता येतं, हे त्यांच्याकडे पाहूनच पटायचं.

एका सकाळी काखेत छत्री धरून एक निवृत्त मास्तर आले. भलतेच सौम्य. ओढ्याकाठच्या पाणथळ पट्ट्यात दगडविटांचा भराव घातल्याबद्दल त्यांना नोटीस होती.

"भराव कुणी घातला?" साहेबांनी विचारलं.

"शेजाऱ्यानं." मास्तर पंख्याकडे बघत म्हणाले. "फार नतद्रष्ट माणूस आहे."

"आणि पट्टा कुणाचा?"

"तसा माझाच. पण शेजारीही त्याचाच म्हणतो. वीस वर्षं भांडतोय आम्ही."

"मग आता भांडू नका! देऊन टाका त्याला, कागदावर!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "पट्टा त्याचा म्हणजे भराव त्याचा आणि दंडही त्याचा. प्रकरण मिटलं की पट्टा परत तुमचा. या कचेरीतलं त्या कचेरीला कधी कळलंय का?"

आणि त्यांनी झोकात लिहिलं: 'सदर पट्टा आमचा नव्हे, कधीही नव्हता, व असावा अशी आमची इच्छाही नाही. तो सर्वस्वी शेजाऱ्यांचा असून आम्ही त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.' मास्तरांनी जड हातानं सही केली आणि छत्री तिथंच विसरून गेले.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, बाबांना नोटीस आलीय."

"कुणाला? मामांना?" साहेब ताडकन उठले. सासऱ्यांना नोटीस! आता संतापायचं की आनंदानं नाचायचं, हेच त्यांना कळेना. 'जावई काय करतात?' असं कुणी विचारलं की हेच सासरे 'करतात काहीतरी कागदाचं' असं सांगून विषय बदलत. आज त्याच कागदाची गरज पडली होती!

सासरे ओसरीवर धुमसत बसले होते. "जावईबापू, ओढ्याकाठचा पट्टा गेला तर माझी गुरं पाण्यावर जायची कुठून? पुलावरून वळसा घालून? पट्टा माझा आहे, असं ठणकावून लिहा!"

साहेबांनी नोटिशीची पहिली ओळ वाचली, संतापले आणि कागद घडी करून खिशात टाकला. "मामा, पट्टा तुमचा म्हटलं की भरावही तुमचाच होतो. तो कुणी घातला?"

"थोडा मी घातला. गोठा पाडला, त्याचे दगड टाकले. हद्द दिसायला नको? तर त्या बोक्यानं स्वतःची भिंत पाडून माझ्या दुप्पट टाकला! मग मी काय गप्प बसू?"

बोका म्हणजे पलीकडचा शेजारी. त्याला मुलीच्या लग्नाचंसुद्धा आमंत्रण नव्हतं, त्यामुळे साहेबांनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं.

"मामा, तुम्ही निश्चिंत राहा. पट्टाही राहील आणि दंडही होणार नाही!" साहेबांनी मांडी ठोकली. नुकतंच जमून आलेलं उत्तर तोंडात तयारच होतं. तेच उतरवून काढलं. सासऱ्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ढुंकूनही पाहत नाही? मी? मी रोज उठून आधी पट्टा बघतो!"

"कागदावर पाहायचं नाही. नुसती सही करा!"

सासऱ्यांनी सही केली आणि उपरण्यानं डोळे पुसले. "पोरीला सासरी पाठवली तेव्हासुद्धा एवढं पोटात तुटलं नव्हतं."

बायकोनं साहेबांकडे असं काही पाहिलं, की उरलेला चहा त्यांनी उभ्यानंच संपवला.

पाहणीच्या दिवशी तपासनीस बाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आल्या. साहेब सासऱ्यांच्या बाजूला छाती काढून उभे होते. भरावाच्या पलीकडून एक म्हातारे गृहस्थ दगडांवरून तोल सांभाळत आले. बिनछत्रीचे.

"अरे, मास्तर, तुम्ही इकडे कुठे?" साहेब आनंदानं ओरडले.

"तुम्ही या बोक्याला ओळखता?" सासरे गरजले.

साहेबांच्या पायाखालचा भराव सरकला.

बाई मात्र खुशीत होत्या. "इतकी स्पष्ट उत्तरं मला आजवर मिळाली नव्हती. तुम्ही म्हणता पट्टा यांचा, हे म्हणतात तुमचा. दोघांनाही नको. आणि दोघंही ढुंकून पाहत नाहीत!"

"ढुंकून?" सासरे मास्तरांकडे वळले. "तुम्हीही ढुंकून?"

"मीही," मास्तर पुटपुटले. मग दोघांच्या नजरा हळूहळू एकाच माणसाकडे वळल्या.

"बाई, पट्टा माझा आहे!" सासरे एकदम ओरडले.

"छे! माझा!" मास्तर त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

"बरं," बाईंनी पेन उघडलं. "मग भराव कुणाचा?"

सासऱ्यांनी आकाश पाहिलं, मास्तरांनी स्वतःच्या चपला पाहिल्या.

"मग झालं तर. ज्याला मालक नाही तो पट्टा सरकारजमा. दंड कुणालाच नाही. भराव आम्ही काढू, आणि काठाला कुंपण घालू."

"ऐकलंत का मामा? दंड नाही!" साहेब कुजबुजले. सासऱ्यांनी हातातली काठी उचलली आणि बाई समोर आहेत म्हणून पुन्हा टेकवली.

कुंपण झालं. गुरं पुलावरून वळसा घालून जाऊ लागली. साहेबांना सासुरवाडीचं दार बंद झालं. महिन्याभरानं बायको एकटीच माहेरी जाऊन आली. साहेब दारातच वाट पाहत होते.

"मामा कसे आहेत? अजून चिडलेत?"

"बाबा? मजेत आहेत. रोज संध्याकाळी ते आणि मास्तर कुंपणाशी येतात. अंधार पडेपर्यंत गप्पा चालतात."

"काय सांगतेस!" साहेबांचा चेहरा उजळला. "वीस वर्षांचं वैर! अगं, जे कुणाला जमलं नाही ते माझ्या एका उत्तरानं करून दाखवलं! बोलतात तरी काय एवढं?"

"तुम्हाला शिव्या घालतात," बायको पिशवी खाली ठेवत म्हणाली. "दुसरा विषयच नाही त्यांना."