समासातले शेरे

गांडूळसरांचा गांडुळांवरचा शोधनिबंध सहा वर्षांत पाच जणांनी वाचला होता: दोन परीक्षक, एक मुद्रितशोधक, स्वतः सर आणि सरांची बायको. बढतीच्या समितीला मात्र वाचक हवे होते, आणि समिती शुक्रवारी बसणार होती.

"पैसे भरून मासिकाच्या कुलपात कोण डोकावणार, सर?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुमच्याकडची शेवटची प्रत नेटवर फुकट टाका. तेवढी परवानगी असते."

सरांनी सोमवारी टाकली. बुधवारपर्यंत ती चार हजार जणांनी उतरवून घेतली. सरांना आकाश ठेंगणं झालं. जेवताना त्यांनी बायकोला दोनदा आकडा ऐकवला.

गुरुवारी ग्रंथपालबाई हसू दाबत आल्या. "सर, फाइल कुठली टाकलीत?"

"'शेवटची' नावाची."

"'खरंच शेवटची' नावाचीही एक असेल बघा."

होती. 'शेवटची'च्या समासात बायकोने वाचता वाचता टाकलेले शेरे तसेच होते. 'म्हणजे गांडुळाला ऊन सोसत नाही, एवढंच ना? मग दीड पान कशाला?' पुढे, 'इथे मला डुलकी लागली.' आणि तक्त्याशेजारी, 'अहो, बेरीज चुकलीय. येताना साबण आणा.'

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. सरांनी घाईघाईने फाइल बदलली, तर तासाभरात पत्रांचा पाऊस पडला. 'समासवाली प्रत कुठे गेली? आमच्या विद्यार्थ्यांना निबंध तिच्यामुळेच कळला.' सरांना फार वाईट वाटलं. शेवटी मुकाट्याने त्यांनी जुनी प्रत परत चढवली.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांपुढे तीच प्रत छापून ठेवलेली होती. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बेरीज खरंच चुकली होती?"

"हो. छापायच्या आधी हिनेच पकडली."

"आणि साबण?"

"विसरलो," सर खाली मान घालून म्हणाले.

अध्यक्ष पोट धरून हसले. "बढती घ्या. पुढचा निबंधही समासासकट टाका म्हणजे झालं."

संध्याकाळी सरांनी साबणाची वडी टेबलावर ठेवली आणि नवा निबंध बायकोपुढे उघडला. मथळ्याखाली या वेळी दोन नावं होती, आधी त्यांचं, मग तिचं. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि समासात पहिला शेरा टाकला:

'क्रम चुकलाय.'