चौथ्या मजल्यावरील मयताबाबत

छापील मजकूर आणि जिवंत माणूस यांत तफावत आढळल्यास माणसाने स्वतःत दुरुस्ती करून घ्यावी, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. या बाबतीत रोमानियातल्या बोतोशानी शहरातली बारा नंबरची इमारत आदर्श मानावी लागेल.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कादंबरीकार स्मारांदाबाईंच्या नव्या कादंबरीत, सातव्या प्रकरणात, एक निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक लिफ्टमध्येच मरतो. चौथ्या मजल्यावरचे पाम्फिलकाका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. इमारतीत बिऱ्हाडे चोवीस. कादंबरी वाचलेले एक, ठाम मत असलेली तेवीस.

नवव्या दिवशी (प्रकाशनापासून मोजून) शेजारच्या वेटामावशींनी मेलेल्याच्या नावाने वाटायचा कोलिवा रीतसर केला: उकडलेले गहू, साखर, वर अक्रोड. पहिली वाटी काकांनाच. काकांनी सवयीने “देव त्याला क्षमा करो” म्हणत चमचा तोंडात घातला आणि मग ‘त्याला’ म्हणजे कुणाला, ते त्यांच्या लक्षात आलं.

“अगं वेटा, मी जिवंत आहे!”

“असाल हो, भाऊ. पण छापून आलंय ना! अक्रोड कमी पडलेत का?”

जिन्यात लोक काकांविषयी चांगलं बोलू लागले. हे लक्षण वाईट. काकांनी शिक्क्यानिशी अर्ज केला: दुसऱ्या आवृत्तीत अर्जदारास जिवंत करावे.

“काका, तो तुम्ही नव्हेच,” स्मारांदाबाई म्हणाल्या. “त्याला मिशा आहेत.”

“माझ्याही होत्या! तुझं पुस्तक आल्यावर उडवल्या!”

“बरं, काका. पण सातव्यात कुणी मेल्याशिवाय आठवं सुरूच होत नाही. बदली माणूस आणा.”

जिन्यात सूचना लागली. शिफारशी बावीस आल्या, सगळ्या मनापासून. वीस जणांनी शेजाऱ्याचं नाव सुचवलं, दोघांनी सासूचं. (एक सासू आधीच वारलेली, तिला पुन्हा मारण्याबाबत एकमत होईना.) स्वतःचं नाव कुणीच दिलं नाही.

शेवटी बाईंनीच निकाल दिला. दुसऱ्या आवृत्तीत काका सुखरूप आहेत. मरतो तो एक परका माणूस: दुसऱ्याच्या मरणाची गोष्ट मिटक्या मारत वाचणारा.

चाळिसाव्या दिवसाचा कोलिवा तोवर शिजला होता, आणि तो टाकायचा नसतो.

“नाव काय हो त्याचं?” मावशींनी विचारलं.

“नाव नाही दिलेलं,” काका मोकळा श्वास घेत म्हणाले. “अजून वाचतोय म्हणे.”

मावशींनी एक वाटी झाकून ठेवली आहे. वाचून झालं असेल तर येऊन घेऊन जावी. (लिफ्ट चालू आहे.)